होल्ट, सिडनी (१९२६–२०१९)

ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञ. रेमंड बेव्हर्टन यांच्यासह १९५७ साली त्यांनी मांडलेले माशांच्या साठ्याचे (समुद्रातील एका जातीच्या एकूण माशांचे) गणित आजही शिकवले जाते. माशांची वाढ, पिल्लांची भर, नैसर्गिक मृत्यू आणि मासेमारीने होणारा मृत्यू यांवरून साठा किती उत्पन्न देईल हे त्यात काढतात. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत असताना देवमाशांच्या शिकारीचा हिशेब त्यांच्याकडे आला. देवमाशांच्या शिकारीचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्हेलिंग कमिशनच्या, अंटार्क्टिकातील साठे तपासणाऱ्या समितीत डग्लस चॅपमन, के. रॅडवे ॲलन आणि होल्ट होते; जॉन गलंड नंतर आले.

तेव्हा कोटा ‘निळा देवमासा एकका’त ठरे : १ निळा = २ फिन = २.५ हंपबॅक = ६ सेई (या सगळ्या देवमाशांच्या जाती). मुळातला घोळ इथेच होता. मर्यादा सगळ्यांची मिळून असल्याने फिनच्या मागे निघालेल्या बोटीला निळा दिसला, की तोही मारला जाई.

एका शिकारी बोटीला दिवसाला किती देवमासे मिळतात, यावरून समितीने साठा अजमावला. बोटी दरवर्षी अधिक ताकदवान होत. हिशेबात ही वाढ धरली नाही तर घटता साठाही स्थिर दिसतो. फिनचे वय कानातल्या मेणासारख्या बुचाचे थर मोजून काढत आणि वयोगटांच्या प्रमाणावरून मृत्युदर ठरवत.

१९६३–६४ च्या हंगामाचा कोटा १०,००० एककांचा होता. समितीचा अंदाज सुमारे ८,५०० चा. हाती लागली ८,४२९. त्यांत १३,८७० फिनची ६,९३५ आणि ८,२८६ सेईंची १,३८१ एकके होती. निळे अवघे ११२. कोटा भरण्याइतके देवमासेच उरले नव्हते. तरीही हे एकक १९७२ पर्यंत चालले.

होल्ट पुढे सेशेल्स या हिंदी महासागरातील बेटांच्या देशाच्या बाजूने कमिशनमध्ये झटले. त्या देशाच्या प्रस्तावावरून १९७९ मध्ये हिंदी महासागर अभयारण्य झाले. कोकण किनाऱ्यापुढचा अरबी समुद्र त्यातच येतो. १९८२ मध्ये व्यापारी शिकार थांबवण्याचा ठराव २५ विरुद्ध ७ मतांनी संमत झाला, ५ देश तटस्थ राहिले. तो १९८५–८६ पासून लागू झाला.

या साऱ्या गणिताचा आधार म्हणजे देशांनी कळवलेले आकडे, आणि तेच खोटे निघाले. सोव्हिएत जहाजांनी लपवलेली शिकार १९९० च्या दशकात उघड झाली. १९६६ च्या नोव्हेंबरात ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारतापुढे त्यांनी मारलेले सुमारे २४० हंपबॅक कोणत्याही नोंदीत नव्हते. हे हंपबॅक अंटार्क्टिकाकडे जात नाहीत, वर्षभर अरबी समुद्रातच राहतात. त्यामुळे मेलेल्यांची जागा भरायला बाहेरून कोणी आले नाही.