मृदू ऊतकांच्या गाठी, बालवयातील : निदान

स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या, तंतुमय ऊतक व मज्जातंतूंची आवरणे यांत उद्भवणाऱ्या गाठी. तान्ह्या बाळांत यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात. कर्करोगाच्या गाठी थोड्या, म्हणूनच त्या नजरेतून सुटतात.

मराठवाड्यात बाळाला तेल लावून न्हाऊ घालताना आजीच्या किंवा न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या हाताला गाठ बहुधा आधी लागते. दुखत नाही म्हटल्यावर ती ‘चरबीची’ ठरते. प्रत्यक्षात सार्कोमाही (मृदू ऊतकांचा कर्करोग) सुरुवातीला सहसा दुखत नाही. वाढत जाणारी, टणक, खोल रुतलेली किंवा ५ सेंमी.हून मोठी गाठ तपासायलाच हवी.

सोनोग्राफीत गाठ भरीव की पाण्याची आणि तिच्यात रक्तप्रवाह किती, हे कळते. खोली एमआरआयमध्ये दिसते. पण रक्ताने भरलेला इन्फंटाइल फायब्रोसार्कोमा (तान्ह्या बाळांतील तंतुमय ऊतकाचा कर्करोग) साध्या हिमँजिओमासारखा (रक्तवाहिन्यांच्या निरुपद्रवी गाठीसारखा) दिसून चकवतो. जांभळट, टणक सूज असेल तर सुई घालण्याआधी प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) पाहाव्यात. कापोसिफॉर्म हिमँजिओएन्डोथेलिओमा या रक्तवाहिन्यांच्या गाठीत त्या धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतात.

शेवटचा शब्द सहसा बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासण्याचा. जाड सुईने काढलेला तुकडा त्याच्या दहापट फॉर्मालिनमध्ये (ऊतक टिकवणाऱ्या द्रावणात) ठेवावा. गावातल्या दवाखान्यात गाठ घाईने कापून तुकडा टाकून देणे यासारखे नुकसान नाही: गाठ गेली असे वाटते आणि पुरावाही जातो.

सूक्ष्मदर्शकाखाली बऱ्याच गाठी लहान, गोल, निळ्या पेशींच्या, एकसारख्याच दिसतात. डेस्मिन व मायोजेनिन ही स्नायुपेशींची प्रथिने आढळली तर रॅब्डोमायोसार्कोमा, म्हणजे स्नायूसारख्या पेशींचा कर्करोग. मुलांतील मृदू ऊतकांच्या कर्करोगांत हाच सर्वाधिक आढळतो. आयएनआय-१ प्रथिन नाहीसे झालेले असेल तर रॅब्डॉइड गाठीचा (एका आक्रमक कर्करोगाचा) संशय बळावतो. इन्फंटाइल फायब्रोसार्कोमातील ईटीव्ही६-एनटीआरके३ हा जनुकसंयोग (दोन जनुके जोडली जाणे) १९९८ मध्ये सापडला. त्याचे मोल २०१८ मध्ये अमेरिकेत लॅरोट्रेक्टिनिब या त्यावरच नेम धरणाऱ्या औषधाला मान्यता मिळाल्यावर कळले. एरवी मोठ्या शस्त्रक्रियेत, क्वचित पाय गमावण्यात शेवट झाला असता, अशी गाठ या औषधाने आकसू शकते. औषध महाग आहे, हा भाग वेगळा.

छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. भूम-परांड्याकडच्यांना बार्शीचे कर्करोग रुग्णालय जवळ पडते. जनुकचाचणीसाठी किंवा दुसऱ्या मतासाठी मात्र अनेकांना मुंबई गाठावी लागते. अशा वेळी नुसता रिपोर्ट पुरत नाही. स्लाइड आणि मेणात बसवलेला तुकडा, म्हणजे ‘ब्लॉक’, लॅबमधून मागून घ्यावा. उन्हाळ्यात तो बंद गाडीत ठेवू नये. मेण मऊ पडते.