पार्श्वभूमी : ‘मेंदूतला नकाशा’ नेमका कसला?

आपण कुठे आहोत हे मेंदूला कसं कळतं, यावरच्या कामाला २०१४चं वैद्यकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं तेव्हा ‘मेंदूतलं जीपीएस’ हा शब्द सोबत आला आणि तोच सगळ्यांच्या तोंडी बसला. खरा घोळ आहे तो त्याआधीच्या एका शब्दाचा, ‘नकाशा’चा.

तो रूढ झाला १९४८ साली, कॅलिफोर्नियातून. तिथल्या प्रयोगात खाण्याकडे जाणारी सवयीची, वळणावळणाची वाट बंद केल्यावर बऱ्याच उंदरांनी थेट खाण्याच्या दिशेची नवी वाट धरली. म्हणजे त्यांच्या डोक्यात नुसती वळणं नाहीत, नकाशा आहे, असा निष्कर्ष निघाला. खाण्याच्या जागेजवळ एक दिवाही टांगलेला होता, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही.

१९५३ मध्ये अमेरिकेत फिट्स थांबवण्यासाठी २७ वर्षांच्या एका रुग्णाच्या मेंदूतून दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे मेंदूच्या आतल्या एका अवयवाचा, मोठा भाग काढला गेला. त्यानंतर नवं काही त्याच्या लक्षातच राहीना. हिप्पोकॅम्पस आठवणींच्या खात्यात जमा झाला. १९७१ मध्ये लंडनमध्ये उंदरांच्या त्याच भागातल्या ७६ पेशी तपासल्या. त्यांतल्या ८ पेशी, उंदीर ठरावीक जागी असतानाच, चेतत होत्या. याच त्या ‘स्थानपेशी’. आता तोच अवयव जागेच्या खात्यात! आठवणवाले आणि नकाशावाले, या दोन्ही गटांची ओढाताण तेव्हापासूनची.

पण या स्थानपेशींना नकाशा म्हणावं का? कागदावरच्या नकाशात पुण्याशेजारी सातारा असतो. हिप्पोकॅम्पसमध्ये शेजारच्या दोन पेशी खोलीच्या दोन टोकांच्या असू शकतात. उंदराला दुसऱ्या खोलीत नेलं की काही पेशी गप्प होतात, काही भलत्याच जागी बोलू लागतात. सगळी मांडणीच बदलते. जीपीएसची उपमा तर आणखी लंगडी, कारण तिथे ठावठिकाणा बाहेरच्या उपग्रहांवरून कळतो. उंदीर अंधारातही आपल्याच पावलांचा हिशेब ठेवतो.

नकाशावाल्यांचा सगळ्यात भक्कम पुरावा २००५ चा, नॉर्वेतला. हिप्पोकॅम्पसला लागूनच असलेल्या भागातली एकच पेशी जमिनीवर अनेक जागी चेतत होती, आणि त्या जागा जोडल्या की समभुज त्रिकोणांची जाळी उमटत होती. ठिपक्यांच्या रांगोळीत खालच्या ओळीचे ठिपके वरच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध घेतात, अगदी तशी. फरशीवर अशी काहीच खूण नव्हती. ठिपके उंदराच्या डोक्यातले.

लंडनच्या टॅक्सीचालकांचा दाखला सगळेच देतात. सुमारे २५,००० रस्ते पाठ करणाऱ्या या मंडळींचा हिप्पोकॅम्पस मागच्या बाजूला मोठा असल्याचं २००० मध्ये दिसलं. पुढचा भाग लहान होता, हे सहसा गाळलं जातं. पुढच्या चाचण्यांत किचकट आकृती पाहून थोड्या वेळाने आठवणीने काढताना ते इतरांच्या मागे पडले.

२०१६ पासून गुंता वाढलाच आहे. पडद्यावरच्या पक्ष्यांची मान आणि पाय लांब-आखूड होताना पाहणाऱ्या माणसांच्या मेंदूतही त्याच जाळीसारख्या खुणा सापडल्या. इथे कुणी कुठेही चालत नव्हतं. नकाशावाले याला आपला विजय मानतात. आठवणवाल्यांचं म्हणणं असं, की मानेची लांबीही ‘जागा’ ठरत असेल, तर ही जाळी मुळात जागेची नव्हतीच. गोष्टींमधल्या नात्यांची होती, आणि उंदरापुढे फक्त फरशी ठेवली म्हणून ती फरशीवर दिसली.