नाल्याकाठचं वावर आणि एर्मितची असमानता

यवतमाळ जिल्ह्यातल्या गावी आमचं एक वावर नाल्याला लागून आहे. एका अंगाला ३०० फुटांचा सरळ धुरा, समोरून नाला वळण घेत वावरात घुसलेला. धुऱ्यापासून काठापर्यंतची रुंदी एका टोकाला २०० फूट, दुसऱ्या टोकाला १६०, आणि ऐन मधोमध फक्त १२०. बाबांचा हिशोब ठरलेला: "दोन्ही टोकं मोज, अर्धं कर, लांबीनं गुण. झालं." म्हणजे १८० गुणिले ३००, ५४,००० चौरस फूट, जवळपास सव्वा एकर. सरकी तेवढी यायची आणि डोबून झाली तरी थैलीत उरायची. मोजणाऱ्याचा हात कधी चुकला नाही. ही रीतच दरवेळी जास्त सांगते.

का, ते पाहू. नाल्याच्या काठावर कुठेही दोन खुंट्या ठोका आणि दोरी ताणा. दोरी दरवेळी पाण्यावरूनच गेली, वावरात कुठे शिरली नाही, तर रुंदीचं फलन, म्हणजे धुऱ्यावरच्या प्रत्येक जागी रुंदी किती हे सांगणारं नातं, बहिर्वक्र आहे. अशा फलनाची खरी सरासरी, म्हणजे संकलनाला (इथे वावराच्या क्षेत्रफळाला) लांबीने भागून येणारी, मधल्या रुंदीच्या खाली जात नाही आणि दोन टोकांच्या सरासरीच्या वर चढत नाही. फ्रेंच गणिती शार्ल एर्मित यांनी हे १८८१ मध्ये पत्राने कळवलं. १८८३ मध्ये ते बेल्जियमच्या 'माथेसिस' नियतकालिकात छापून आलं. १८९३ मध्ये जाक आदामार यांनीही यावर लिहिलं, म्हणून आज ही असमानता, म्हणजे कोण कोणाहून मोठं नाही हे सांगणारं गणिती विधान, दोघांच्या नावाने चालते.

आमचं वावर मग ३६,००० आणि ५४,००० यांच्या मधे कुठेतरी. अंतर फार वाटतं, पण वावराचे मधोमध दोन तुकडे माना आणि प्रत्येकाला बाबांचीच रीत लावा: २४,००० अधिक २१,०००, म्हणजे ४५,०००. वरची हद्द एका झटक्यात एकराच्या जवळ आली! नाल्याच्या वळणाचं सूत्र कुणाला ठाऊक नाही, तरी तीन आकड्यांवर पक्की हमी मिळते. मला या विषयाची गोडी लागली ती इथे.

पण पावसाळ्यात गाळ साचतो, काठ कुठे कुठे पुढे सरकतो, आणि ताणलेली दोरी वावरात येते. सामान्यीकृत बहिर्वक्रता, म्हणजे दोरीची अट थोडी सैल केलेली बहिर्वक्रता, अशाच वेळी कामी येते. तिचा एक प्रकार गणिती ब्रेकनर यांनी १९७८ मध्ये मांडला. दोरीवरच्या बिंदूला दोन टोकांचे जे अपूर्णांकी वाटे मिळतात, त्यांचा 'एस' हा घात घ्यायचा. एस शून्याहून मोठा, जास्तीत जास्त एक. एस अर्धा असेल तर पाव वाट्याचा अर्धा होतो, म्हणजे काठाला पुढे सरकायला मोजून दिलेली ढील मिळते.

ढील दिली की हमीही सैल होते, आणि किती ते ड्रागोमिर व फिट्झपॅट्रिक या गणितींनी १९९९ मध्ये दाखवलं. वरच्या हद्दीसाठी टोकांच्या बेरजेला दोनऐवजी 'एस अधिक एक'ने भागायचं. एस अर्धा असता ३६० भागिले दीड, २४० फूट. खालच्या हद्दीसाठी मधल्या रुंदीला दोनच्या 'एस वजा एक' या घाताने गुणायचं; ती १२० वरून सुमारे ८५ वर. एस एक धरला की पुन्हा १२० आणि १८०.

आमच्या नाल्याचा एस किती, हे मात्र तीन मोजमापांतून कळत नाही. त्यासाठी पाऊस उघडल्यावर दोरी आणि खुंट्या घेऊन काठाकाठाने फिरायचं बाबांशी ठरलं आहे.