‘बिलो’चा आकडा आणि गुणांची मारामारी

सांगलीत विजयनगरच्या चहाच्या टपरीवर ठेकेदार मंडळी बसली की नुसते आकडे ऐकू येतात. ‘बारा बिलो’, ‘अठरा बिलो’, एखाद्या दिवशी थेट ‘पंचवीस’. नवख्याला वाटावं, क्रिकेट चाललंय. बांधकाम खात्याच्या बी-१ नमुन्याच्या निविदेत प्रत्येक बाबीचा दर खात्यानेच दरसूचीवरून लावलेला असतो. ठेकेदाराने एवढंच लिहायचं की एकूण रकमेपेक्षा किती टक्के कमी किंवा जास्त दराने काम करीन. २५ टक्के बिलो म्हणजे एक कोटीचा रस्ता पाऊण कोटीत. उरलेले २५ लाख कुठून निघाले ते पहिल्या पावसात दिसतं: कारपेटची जाडी, डांबराचं प्रमाण, रोलरच्या फेऱ्या. खडी मोकळी होऊन कडेला गोळा झाली की गाव ठेकेदाराला शिव्या घालतं. त्याला काम का मिळालं, हे कोणी विचारत नाही.

हल्ली याच्या नेमकी उलटी तक्रारही ऐकू येते. सल्लागार, सॉफ्टवेअर, देखभाल अशा कामांत ज्याचा दर सर्वांत कमी तो बाहेर आणि महागडा आत. कारण सांगितलं जातं ‘दर्जा’. हरलेला म्हणतो, जनतेचा पैसा उधळला. जिंकलेला म्हणतो, स्वस्ताचे हाल बघितलेत ना?

सर्वांत कमी दराला, म्हणजे ‘एल वन’ला काम द्यायचं, ही सवय आपल्याकडे भ्रष्टाचाराच्या भीतीने घट्ट झाली. १९६४ साली संथानम समितीच्या शिफारशीवरून केंद्रीय दक्षता आयोग आला. या आयोगाने १८ नोव्हेंबर १९९८ रोजी फर्मान काढलं: निविदा उघडल्यानंतर वाटाघाटी बंद, करायच्याच तर फक्त एल वनशी. हेतू चांगला होता, कारण बंद दाराआड दर ‘जमवण्याचे’ उद्योग सर्वांना ठाऊक होते. पण अधिकाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ असा रुजला की स्वस्ताला सही केली तर कोणी जाब विचारत नाही आणि महागाला केली तर आयुष्यभर ऑडिटचा पॅरा, म्हणजे लेखापरीक्षणातला आक्षेप, मागे लागतो. रस्ता उखडला तर खापर ठेकेदारावर फुटतं. मग महागाला सही करायला पेन कोण उचलणार?

गंमत म्हणजे जेमतेम तीन आठवड्यांनी, डिसेंबर १९९८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने जवळपास उलट बाजू मांडली. प्रकरण आपल्याच राज्य विद्युत मंडळाचं होतं: औष्णिक वीज केंद्राच्या कामाची निविदा, रौनक इंटरनॅशनल विरुद्ध आय.व्ही.आर. कन्स्ट्रक्शन. उच्च न्यायालयाने काम थांबवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगिती उठवली. सरकारने कंत्राट देताना दर बघावाच, पण मालाचा दर्जा, पूर्वानुभव, वेळेत काम उरकण्याची ताकद, नंतर दोष दुरुस्त करण्याची क्षमता याही गोष्टी बघता येतात, दर हा दर वेळी एकमेव निकष नसतो, असं तिथे स्पष्ट झालं. म्हणजे दर्जा बघायला कायद्याने कधी मनाई नव्हतीच.

मनाई आहे ती खेळ सुरू झाल्यावर नियम बदलायला. ते ठरलं १९७९ मध्ये, रमणा दयाराम शेट्टी खटल्यात. मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाच्या निविदेत पाच वर्षांच्या अनुभवाची अट होती. काम मिळालं ती अट पुरी न करणाऱ्याला. छापलेली अट प्राधिकरणावरही बंधनकारक आहे, असं न्यायमूर्ती भगवतींनी बजावलं. (याचिकाकर्त्याच्या पदरात मात्र काही पडलं नाही; तो उशिरा आला होता.) १९९४ च्या टाटा सेल्युलर निकालाने न्यायालयाची हद्दही आखून दिली: निर्णय बरोबर की चूक ते आम्ही बघणार नाही, तो घेण्याची पद्धत तपासू. २०१६ च्या नागपूर मेट्रोच्या खटल्यात तर निविदा लिहिणाऱ्यालाच तिचा अर्थ सर्वांत नीट कळतो, इथवर कौल गेला.

दर्जाला गुण द्यायचे आणि ते दराच्या गुणांत मिळवून बेरीज करायची, ही पद्धत रुळली ती जागतिक बँकेच्या १९९७ च्या सल्लागार-निवडीच्या नियमांमुळे. आपल्या केंद्रीय वित्तीय नियमांच्या २०१७ च्या आवृत्तीत सल्लागार सेवांसाठी तांत्रिक, म्हणजे दर्जाच्या, गुणांना ८० टक्क्यांपर्यंत वजन देता येतं. पुढे केंद्राच्या २९ ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांनी बांधकामालाही हे दार किलकिलं केलं. पण काम आधी ‘दर्जाप्रधान’ म्हणून जाहीर झालं पाहिजे आणि दर्जाचं वजन ३० टक्क्यांच्या वर जाता कामा नये.

हे वजन म्हणजे काय ते पाटीवर मांडून बघू. पहिल्याचे तांत्रिक गुण ९०, दर १ कोटी २० लाख. दुसऱ्याचे ७५, दर १ कोटी. सर्वांत कमी दराला दराचे १०० गुण, महागड्याला त्या प्रमाणात कमी, म्हणजे इथे पहिल्याला ८३.३. दर्जाला ७० आणि दराला ३० वजन दिलं तर पहिल्याची बेरीज ८८, दुसऱ्याची ८२.५. वीस लाख महाग असूनही पहिला जिंकला. तेच वजन उलटं, ३०-७० केलं की पहिला ८५.३ वर अडकतो आणि दुसरा ९२.५ वर जातो. माणसं तीच, दर तेच. आता ७०-३० वरच राहू आणि सादरीकरणात पहिल्याचे फक्त आठ गुण कापू. त्याची बेरीज ८२.४ होते, काम दुसऱ्याचं. वीस लाखांचा फैसला अर्ध्या तासाच्या स्लाइड शोवर! अनुभवाचे, उलाढालीचे गुण कागदावर मोजता येतात. सादरीकरणाचे गुण समितीच्या मनात असतात. भांडणं तिथूनच उठतात, नाहीतर ‘टेंडर त्याच्याच मापाचं शिवलंय’ या तक्रारीतून.

राज्याने रस्त्यांच्या कामांत वेगळा उपाय धरला: फार बिलो जाणाऱ्याकडून जादा सुरक्षा ठेव. जितकं खाली जाल तितकी ठेव मोठी. टपरीवरचे आकडे काही त्याने थांबले नाहीत. रक्कम अडकून पडते म्हणून कुरकूर तेवढी वाढली.

अटींवर हरकत घ्यायची जागा म्हणजे निविदापूर्व बैठक. तिथे बहुतेक गप्प बसतात, कारण खात्याशी वाकडं कोण घेणार? निकाल विरोधात गेला की मग वकील. पण अटी मान्य करून निविदा भरली आणि नंतर त्याच अटींवर बोट ठेवलं, तर न्यायालय सहसा दाद देत नाही. पूर्वी यासाठी सांगली-साताऱ्याच्या माणसाला रात्रीची महालक्ष्मी पकडून मुंबई गाठावी लागायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून दोन्ही जिल्ह्यांचं कामकाज मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहे. सांगलीहून सकाळची एसटी धरली तरी कोर्ट भरायच्या आत पोचता येतं.