दोन बाय दोनची फरशी

आमचा हॉल वीस फूट लांब. दुकानात फरशी मागितली ‘दोन बाय दोन’ची. वीस भागिले दोन, एका ओळीत दहा. एवढा हिशेब तिसरीतलं पोरगंही करेल, मीही केला. मिस्त्रीने ओळ लावत नेली आणि पलीकडच्या भिंतीपाशी तळहाताच्या रुंदीएवढी पट्टी उघडीच राहिली. आधी मला संशय आला मिस्त्रीचा, मग दुकानदाराचा. चूक माझीच होती. खोक्यावर ठळक छापलेलं होतं: ६०० × ६०० मिमी.

दोन फूट म्हणजे ६०९.६ मिलिमीटर. फरशी मात्र ६०० ची. बोलताना आपण तिला दोन बाय दोन म्हणतो आणि विसरून जातो. दर फरशीमागे ९.६ मिलिमीटर कमी, दहा फरश्यांमागे ९६ मिलिमीटर, म्हणजेच ९.६ सेंटीमीटर. सांध्यांचे दोन-दोन मिलिमीटर धरले तरी पट्टी काही बुजत नाही.

या हिशेबात डोकं लावावं लागलं ते एकदाच, फुटाचे मिलिमीटर करताना. पुढे सगळीकडे नऊ आणि सहा तेच, टिंब तेवढं इकडचं तिकडे गेलं. मेट्रिक पद्धतीचं सगळं सुख या टिंबात आहे. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, तेव्हा सोळा आण्यांच्या हिशेबातून सुटका झाली, मीटरचंही तसंच. वजन-मापांचा कायदा १९५६ सालीच झाला होता. पण बांधकामावर अजून आण्यांचाच कारभार चालतो. आठ सुतांचा इंच, बारा इंचांचा फूट, तेहतीस फूट बाय तेहतीस फूट म्हणजे गुंठा. दर पायरीला वेगळा आकडा, टिंब सरकवून चालत नाही.

टिंब कुठल्या बाजूला सरकवायचं, इथे मात्र पोरं हमखास घसरतात. पिंपातलं पाणी बादलीने उपसलं तर दहा बादल्या भरतात, तांब्याने उपसलं तर शंभर तांबे. पाणी तेवढंच. माप लहान घेतलं की आकडा फुगतो. पन्हाळा इथून, कोल्हापुरातून, साधारण २० किलोमीटर, म्हणजे २०,००० मीटर, म्हणजे दोन कोटी मिलिमीटर. गड जागचा हलला नाही. शाळेत ‘किलो, हेक्टो, डेका, मीटर, डेसी, सेंटी, मिली’ अशी शिडी घोकून घेतात, प्रत्येक पायरी दहाची. त्यातले डेका आणि डेसी रोजच्या जगण्यात कुणाला भेटत नाहीत. पायऱ्या मोजायला मात्र तेही धरावे लागतात, नाहीतर शून्य चुकतं.

शिडी मिलीपाशी संपत नाही. उद्यमनगरातल्या एका गाळ्यात लेथवर काम करणाऱ्या मामांनी मला पुढची पायरी दाखवली. त्यांनी माझ्याच डोक्यावरचा एक केस उपटला आणि मायक्रोमीटर या जाडी मोजायच्या उपकरणाच्या जबड्यात धरला. मागची कळ टकटक वाजेपर्यंत फिरवली. त्या उपकरणाची मूठ एक फेरा फिरली की दांडा अर्धा मिलिमीटर सरकतो, आणि मुठीवर पन्नास रेघा असतात. म्हणजे एक रेघ ०.०१ मिलिमीटरची. माझा केस सात रेघांवर थांबला. ‘सत्तर मायक्रॉन,’ मामा म्हणाले, ‘तेल लावत जा जरा.’ ०.०७ मिलिमीटर म्हणजे ७० मायक्रॉन, हे त्यांनी कागदावर मांडलं नाही. मिलीच्या खाली पायरी दहाची नसून थेट हजाराची आहे, हे त्यांच्या बोटांना ठाऊक. एककाचं रीतसर नाव आता मायक्रोमीटर. ‘मायक्रॉन’ हे नाव आंतरराष्ट्रीय परिषदेने १९६७ सालीच रद्द केलं. पण हातातलं उपकरणही मायक्रोमीटर आणि मापही मायक्रोमीटर म्हणायला लागलो तर गाळ्यात गोंधळच होईल. मायक्रॉन टिकलाय तो बरा.

हा केस आणखी एका ठिकाणी उपयोगी पडतो. फ्रेंचांनी १७९१ साली मीटर ठरवला तो पृथ्वीवरून: उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतचं अंतर एक कोटी मीटर धरायचं. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटरच्या इतका जवळ येतो तो त्यामुळे, तो योगायोग नव्हे. डनकर्क ते बार्सिलोना अशी सहा-सात वर्षं मोजणी करून मीटर काढला आणि तो सुमारे ०.२ मिलिमीटरने आखूड निघाला. माझ्या डोक्यावरचे तीन केस. आता मीटर पृथ्वीवर अवलंबून नाही. १९८३ पासून तो प्रकाशाच्या वेगावरून ठरतो.

लांबी सोडून क्षेत्रफळात शिरलं की टिंबाची उडी दुप्पट होते. मीटरमध्ये सेंटीमीटर शंभर, पण चौरस मीटरमध्ये चौरस सेंटीमीटर दहा हजार, कारण लांबीही शंभरपट आणि रुंदीही. माझी ६० सेंटीमीटरची फरशी ३,६०० चौरस सेंटीमीटर. त्याला घाईत शंभराने भागलं तर एकच फरशी ३६ चौरस मीटर भरते, अख्खा हॉल झाकून वर उरते! खरं उत्तर ०.३६. याच नियमाचा पुरावा आपल्या घरोघरी कपाटात पडून असतो, तो म्हणजे सातबारा. त्यावर क्षेत्र ०.४०.५० असं लिहिलेलं असतं: हेक्टर, आर, चौरस मीटर. टिंबांनंतरच्या प्रत्येक घरात दोन-दोन आकडे का? दहा मीटर बाजूचा चौरस म्हणजे आर, शंभर मीटर बाजूचा म्हणजे हेक्टर. बाजू दहापट, जागा शंभरपट, म्हणून दोन घरं. आणि आर गुंठ्याच्या इतका जवळ आहे (गुंठा १०१.१७ चौरस मीटर) की गावाकडे दोन्ही एकच समजून व्यवहार होतात. चार-पाच गुंठ्यांत फरक जाणवत नाही. चाळीस गुंठ्यांच्या एकराला मात्र जवळपास अर्ध्या आरचा, म्हणजे ४७ चौरस मीटरचा, फरक पडतो. एवढ्यात गोठा बसतो.

पावसाळ्यात आपलं मापांचं कडबोळं बघावं. गगनबावड्याचा पाऊस मिलिमीटरमध्ये आणि राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगा फूट-इंचात. इशारा ३९ फुटांवर, धोका ४३ फुटांवर. ४३ गुणिले ०.३०४८, म्हणजे १३.१ मीटर, साधारण चार मजली इमारत. पण ‘पाणी तेरा मीटरवर गेलं’ असं कुणी सांगितलं तर कोल्हापुरात कुणी जागचा उठणार नाही. ‘बेचाळीस झालं’ म्हटलं की खालच्या गल्लीतली माणसं सामान वर चढवायला लागतात. पावसाच्या मिलिमीटरला मात्र मोल आहे. एका आर रानावर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १०० चौरस मीटर गुणिले ०.१ मीटर, दहा घनमीटर, दहा हजार लिटर. गुंठ्यामागे एक टँकरच. इंचातला पाऊस असा पटकन लिटरमध्ये उतरत नाही.

आतल्या खोलीची फरशी घालायची वेळ आली तेव्हा मी शहाणा झालो होतो. खोली चौदा फूट. घरी बसून ४२६७ मिलिमीटर काढले, सात फरश्यांचे ४२०० वजा केले आणि मिस्त्रीला म्हणालो, ‘सदुसष्ट मिलिमीटरची पट्टी कापावी लागेल.’ त्याने टेप उलटी केली, सेंटीमीटरच्या बाजूने सात फरश्यांची खूण केली, परत सुलटी केली, उरलेलं अंतर मोजलं.

‘दोन इंच पाच सूत म्हणा की,’ तो म्हणाला आणि कटर सुरू केला.

मी मोबाइलवर करून बघितलं. ६६.७.