हनीपॉट आणि पोर्टची भांडणं, हे सगळं सुरू कुठून झालं

हनीपॉट म्हणजे हल्लेखोरांना फसवून त्यांच्या हालचाली टिपणारा खोटा सर्व्हर. टी-पॉट (अनेक हनीपॉटचा संच) म्हणा किंवा नुसतं काउरी (एसएसएच, म्हणजे दुरून सर्व्हरवर लॉगिन करायच्या सोयीचं सोंग घेणारा हनीपॉट) म्हणा, डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगवेगळ्या डब्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये चालवणारं साधन) चढवायला गेलं की बहुतेकांना आधी भेटतो तो "ॲड्रेस ऑलरेडी इन यूज" हा एरर, म्हणजे तो पोर्ट (सर्व्हरवर त्या सेवेचा नंबर दिलेला दरवाजा) आधीच कोणीतरी धरलाय, आणि मग सवयीने लोक कंपोज फाइलमध्ये (कंटेनरच्या सेटिंगची फाइल) एसएसएचच्या 22 च्या जागी दुसरा कुठलातरी नंबर टाकून मोकळे होतात. कंटेनर चालू होतो पण लॉग जवळपास कोरे. दुसऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरला हा उपाय ठीक आहे, हनीपॉटला नाही.

सुरुवातीच्या काळात ही अडचणच नव्हती. 1986 मध्ये बर्कलीच्या लॅबमध्ये क्लिफ स्टॉल 75 सेंटच्या हिशोबाच्या फरकावरून घुसखोराच्या मागे लागला, तेव्हा खऱ्याच मशीनवर खोट्या फाइली ठेवल्या होत्या, वेगळं सॉफ्टवेअर नव्हतंच. 1999 मध्ये हनीनेट प्रोजेक्ट आला, त्यांचा भर अख्खी मशीन आमिष म्हणून ठेवण्यावर, म्हणजे त्या मशीनचे सगळे पोर्ट हल्लेखोरासाठीच. मग नील्स प्रोव्होसचं हनीडी आलं, ते एका मशीनवरून ढीगभर खोटे आयपी उभे करायचं आणि प्रत्येक आयपीला स्वतःचा 22, स्वतःचा वेबचा 80, मग भांडण कशाला होईल.

भांडण सुरू झालं स्वस्त व्हीपीएसमुळे, म्हणजे भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरमुळे. आयपी एकच, त्यावरच आपलं खरं एसएसएच आणि त्यावरच हनीपॉट. काउरी मुळात 2222 वर ऐकतं कारण 1024 च्या खालचे पोर्ट रूटशिवाय (ॲडमिनच्या अधिकारांशिवाय) मिळत नाहीत, म्हणून लोक आयपीटेबल्सने (लिनक्सचं फायरवॉल साधन) 22 चा ट्रॅफिक तिकडे वळवायचे. 2013 ला डॉकर आलं आणि कंटेनरच्या आत प्रत्येकाला स्वतःचं नेटवर्क मिळालं, आत दहा जण 22 वर बसले तरी चालतं, पण होस्टचा, म्हणजे मूळ मशीनचा 22 बाहेर द्यायचा तो एकालाच. डॉइचे टेलिकॉमच्या टी-पॉटमध्ये तर वीसपेक्षा जास्त हनीपॉट एकत्र आहेत, म्हणून त्यांनी खरं एसएसएचच उचलून 64295 वर नेलं आणि वेब पॅनल 64297 वर. रीबूटनंतर "सर्व्हर लॉक झाला" असं वाटतं ते यामुळेच, आधी क्लाउडच्या फायरवॉलमध्ये हे दोन पोर्ट फक्त आपल्या आयपीसाठी उघडा.

आणि हलवायची ती खरी सर्व्हिस, आमिष नाही, याचं कारण 2016 च्या मिराईने, म्हणजे इंटरनेटला जोडलेली उपकरणं बळकावणाऱ्या बॉटने, सगळ्यांना दाखवलं. तो टेलनेटचा (दुरून लॉगिनची जुनी सोय) 23 आणि अधूनमधून 2323 शोधायचा, नंबर कोडमध्येच पक्के, तुम्ही 2300 वर कितीही छान सापळा लावा तो ढुंकूनही बघणार नाही. वॉनाक्राय हे रॅन्समवेअर 2017 मध्ये असंच विंडोज फाइल शेअरिंगच्या 445 च्या मागे.

त्यामुळे एरर आला की पोर्ट कोणी धरलाय ते आधी बघायचं, एसएस (ss) कमांडला सुडो (ॲडमिनचे अधिकार देणारी कमांड) लावून, नाहीतर प्रोसेसचं नाव दिसत नाही. 25 वर डेबियनचा एक्झिम हा मेल सर्व्हर सापडू शकतो, हनीपॉटच्या सर्व्हरवर तो लागत नाही, बंद करा. 22 वर नव्या उबुंटूत सिस्टमडी (सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम) दिसतं कारण उबुंटू 22.10 पासून एसएसएचचा पोर्ट सिस्टमडीचं सॉकेट धरून ठेवतं, तेव्हा नुसतं एसएसएचडी (एसएसएचचा सर्व्हर) रीस्टार्ट करून भागत नाही, सॉकेटकडेही बघावं लागतं. सगळ्यात जास्त डोकं खातो तो 53, म्हणजे डीएनएसचा (वेबसाइटच्या नावावरून आयपी शोधण्याचा) पोर्ट. सिस्टमडी-रिझॉल्व्हड हे ते काम करणारं सॉफ्टवेअर 127.0.0.53 सारख्या मशीनच्या आतल्याच पत्त्यावर बसलेलं असतं, मग वाटतं की बाहेरच्या पोर्टशी याचा काय संबंध, पण डॉकर 0.0.0.0 वर म्हणजे सगळ्याच पत्त्यांवर पोर्ट मागतो आणि त्यात हा पत्ताही आला. रिझॉल्व्हडचा हा स्टब लिसनर (53 वर ऐकणारा भाग) बंद करायचा आणि लगेच रिझॉल्व्ह.कॉन्फची लिंक खऱ्या डीएनएसकडे वळवायची, हे दुसरं राहिलं तर नावंच रिझॉल्व्ह होत नाहीत आणि इमेज पुल करतानाच गाडी अडते.

दोन हनीपॉटच एकमेकांशी भांडत असतील तर एकाला सोडावंच लागतं, टी-पॉटची कस्टमायझर स्क्रिप्ट कंपोज फाइल बनवतानाच हे तपासते, हाताने फाइल जोडण्यापेक्षा ती वापरा.