तेहतिसाव्या वर्षीचं सुवर्ण: कृष्णा पूनियाच्या थाळीफेकीमागची गोष्ट

८ ऑक्टोबर २०१०ला दिल्लीत कविता राऊतने दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं आणि नाशिककरांपुरती राष्ट्रकुल स्पर्धा तिथेच सुफळ संपूर्ण झाली. हरसूलजवळच्या सावरपाड्याची मुलगी, त्यामुळे कौतुक साहजिकच होतं. तीन दिवसांनी त्याच जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये महिलांच्या थाळीफेकीत तिन्ही पदकं भारताने घेतली, ते आपल्याकडे दुसऱ्या दिवशीच्या पेपरात वाचून झालं आणि विसरूनही झालं. कृष्णा पूनिया ६१.५१ मीटर, हरवंत कौर ६०.१६, सीमा अंतिल ५८.४६. त्याआधी राष्ट्रकुलमध्ये ॲथलेटिक्सचं सुवर्ण आपल्याला मिळालं होतं ते १९५८ साली कार्डिफला, मिल्खासिंगांमुळे. मध्ये ५२ वर्षं गेली.

६१.५१ मीटर म्हणजे किती, हे आकड्यावरून डोळ्यासमोर येत नाही. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर क्रिकेटच्या तीन खेळपट्ट्या एकापुढे एक मांडा; थाळी त्या तिन्ही ओलांडून आणखी मीटरभर पुढे पडते. महिलांच्या थाळीचं वजन बरोबर एक किलो, म्हणजे वाण्याकडच्या साखरेच्या पुड्याएवढं. ती फेकायला जागा मिळते अडीच मीटर व्यासाचं वर्तुळ. त्यात दीड गिरकी घ्यायची, थाळी तर्जनीवरून सोडायची आणि ती जमिनीला टेकेपर्यंत वर्तुळाबाहेर पाऊल टाकायचं नाही. जोर दंडाचा आहे असं बघणाऱ्याला वाटतं, पण तो येतो पायातून आणि कमरेतून. हात शेवटी येतो. गंमत म्हणजे समोरून वारा असला तर थाळी जास्त तरंगते. धावणारा ज्या वाऱ्याला शिव्या घालतो, फेकणारा त्याचीच वाट बघतो.

कृष्णाचा जन्म १९७७चा, हरियाणातल्या हिसार जिल्ह्यात अग्रोह्याचा. नऊ वर्षांची असताना आई गेली. वडील आणि आजीने वाढवलं, आणि पंधराव्या वर्षापासून घरच्या दुभत्या जनावरांचं काम अंगावर आलं. अंगातली ताकद तिथली, असं ती स्वतःच सांगत आली आहे. २०००मध्ये लग्न होऊन ती राजस्थानात चुरू जिल्ह्यात गेली, पुढच्याच वर्षी मुलगा झाला. आपल्याकडच्या बहुतेक खेळाडू मुलींची गोष्ट इथे संपते. हिची सुरू झाली, कारण नवरा वीरेंद्र पूनिया स्वतः खेळाडू होता आणि पुढे तोच तिचा प्रशिक्षक झाला. दोघांनाही रेल्वेत नोकरी होती. या रेल्वेच्या नोकरीकडे खेळाच्या बातम्या फारसं लक्ष देत नाहीत. माझ्या मते या कारकिर्दीची अर्धी पार्श्वभूमी तीच आहे. महिन्याच्या महिन्याला पगार येत असेल तरच माणूस तिशीनंतरही रोज सकाळी वर्तुळात उभा राहू शकतो.

२००६च्या दोहा आशियाई स्पर्धेत तिने ६१.५३ मीटर फेकून कांस्य घेतलं. दिल्लीत सुवर्ण मिळालं ते ६१.५१ला, म्हणजे दोन सेंटीमीटर कमीला! दिल्लीनंतर नोव्हेंबरात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ती आणखी लांब, ६१.९४ मीटर गेली आणि तिथे पुन्हा कांस्यच. आशियाई स्पर्धेत चिनी मुली असतात, राष्ट्रकुलमध्ये नसतात, एवढाच हा फरक. शिवाय २००९ची विश्वविजेती, ऑस्ट्रेलियाची डॅनी सॅम्युअल्स दिल्लीला आलीच नव्हती. हे सांगितलं की काहींना राग येतो. मला त्यात सुवर्णाचा कमीपणा दिसत नाही. चार वर्षं ६१ मीटरच्या आसपास टिकून राहिली म्हणूनच दार उघडलं तेव्हा ती दारात होती. मधल्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये, २००८ साली, ५८.२३ मीटरवर ती पात्रता फेरीतूनच परतली होती. तेव्हा तिने खेळ सोडला असता तर कुणी नावही ठेवलं नसतं.

मे २०१२मध्ये, पस्तिशीत, हवाईला तिने ६४.७६ मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला. लंडन ऑलिंपिकच्या तयारीसाठी ती अमेरिकेत पोर्टलंडला, १९७६चे ऑलिंपिक विजेते मॅक विल्किन्स यांच्याकडे होती. लंडनला अंतिम फेरीत ६३.६२ मीटरवर सातवी आली. सुवर्ण जिंकणारी क्रोएशियाची सँड्रा पेर्कोविच होती ६९.११वर, साडेपाच मीटर पुढे. रौप्य मिळालेली रशियाची दार्या पिश्चाल्निकोवा नंतर उत्तेजकांमुळे बाद ठरली आणि कृष्णा सहावी झाली. तोवर दिवे मालवून, झेंडे उतरवून सगळे घरी गेले होते.

तिचा विक्रम २०२१पर्यंत टिकला. पतियाळाला कमलप्रीत कौर ६५.०६ मीटरवर गेली, ६५ पार करणारी पहिली भारतीय महिला. टोकियोत तीही सहावीच आली, लंडनच्या कृष्णापेक्षा आठ सेंटीमीटर पुढे, आणि मग उत्तेजक चाचणीत अडकून तिच्यावर तीन वर्षांची बंदी आली. या खेळावरची ती सावली जुनी आहे. कृष्णा तोवर राजकारणात स्थिरावली होती. २०१३ला सादुलपूरमधून हरली, २०१८ला तिथूनच काँग्रेसची आमदार झाली, आणि २०१९ला लोकसभेसाठी जयपूर ग्रामीणमध्ये तिच्यासमोर भाजपचे उमेदवार होते नेमबाजीतले ऑलिंपिक रौप्यविजेते राज्यवर्धनसिंह राठोड. एकाच मतदारसंघात दोन ऑलिंपियन, हा सामना ती हरली. थाळी फेकणाऱ्यांना मैदानाबाहेर दुसरं आयुष्य मिळण्याचं आपल्याला तसं नवल नको. दूरदर्शनच्या ‘महाभारता’त गदा घेऊन उभा राहिलेला भीम, प्रवीणकुमार, हा १९६६ आणि १९७०च्या आशियाई स्पर्धांतला थाळीफेकीचा सुवर्णविजेताच.

आता नाशिककडे. आपल्या जिल्ह्याने धावणारे दिले, आणि विजेंदर सिंग यांच्यासारखे प्रशिक्षक इथे ठाण मांडून बसले म्हणून दिले. धावायला रस्ता पुरतो, डांबरी नसला तरी चालतो. थाळीला सिमेंटचं वर्तुळ लागतं, भोवती जाळी लागते, पुढे सत्तर मीटर मोकळी जमीन लागते आणि तिथे कुणी फिरकत नाही ना हे बघायला माणूस लागतो. हिरावाडीच्या मीनाताई ठाकरे स्टेडियममध्ये मी शालेय स्पर्धा बघतो तेव्हा पीटीचे सर धावण्याच्या मुली आधी निवडतात. उरलेल्यांत जी थोराड, तिच्या हातात थाळी येते, बहुधा स्पर्धेच्या आठवडाभर आधी. मग ती जागेवरूनच फेकते, गिरकी तिला कुणी शिकवलेलीच नसते.

गेल्या पावसाळ्यानंतर अशीच एक मुलगी पाहिली. गवत ओलं, फक्कीच्या रेघा अर्ध्या पुसलेल्या. थाळी हातातून निसटू नये म्हणून ती प्रत्येक वेळी ओढणीला पुसत होती. पहिल्या दोन फेकी जाळीत गेल्या. तिसरी सुटली ती सपाट, अजिबात न डगमगता, रेघांच्या अगदी मधून, आणि चिखलात ‘थप्प’ असा आवाज करून रुतली. पंचांनी टेप ताणला, आकडा पुकारला, पुढचं नाव घेतलं. ती थाळी उपटायला स्वतःच धावली. मी तिच्या सरांना विचारलं, पुढच्या वर्षीही फेकणार का? ते म्हणाले, “पुढच्या वर्षी दहावी आहे तिची.”